विश्लेषण : सुई न टोचता हृदयातला दाब कसा कळतो? इको मशीनमागच्या डॅनियल बर्नुलीची गोष्ट

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण शेवटचा निष्कर्ष वाचतात आणि कागद फाइलमध्ये ठेवून देतात. मधल्या आकड्यांच्या गर्दीत एक ओळ असते : आरव्हीएसपी. हृदय आकुंचन पावत असताना त्याच्या उजव्या खालच्या कप्प्यात किती दाब आहे, हे ती ओळ सांगते. समोर ३५, ४० किंवा ६० असा आकडा आणि मिलिमीटर पारा हे एकक. गंमत अशी, की हा दाब कोणी मोजलेलाच नसतो. छातीवर जेल लावून फिरवलेल्या प्रोबला फक्त रक्ताचा वेग कळतो. त्या वेगावरून मशीन दाबाचे गणित करते आणि त्या गणितामागचे तत्त्व १७३८ साली छापलेल्या एका लॅटिन ग्रंथातून आले आहे.

ग्रंथाचा लेखक डॅनियल बर्नुली. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्स ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना हे नाव पंप, पाइप आणि व्हेंच्युरीमीटरच्या संदर्भात पाठ असते. त्याची पदवी वैद्यकशास्त्रातली होती, श्वास, स्नायू आणि हृदय हे त्याच्या अभ्यासाचे विषय होते, हे मात्र पाठ्यपुस्तक सांगत नाही. त्याच्या समीकरणाला एक मर्यादाही आहे आणि ती रुग्णाच्या निदानापर्यंत पोहोचते. ही मर्यादा ओलांडण्यासाठी संशोधक सध्या रक्तात सोडलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांकडे पाहत आहेत. तिथेही डॅनियल पुन्हा भेटतो.

मुलाने व्यापारी व्हावे, असे वडिलांना का वाटत होते?

डॅनियलचा जन्म ८ फेब्रुवारी १७०० रोजी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे झाला. वडील योहान बर्नुली तिथे गणिताचे प्राध्यापक होते. घराणे मूळचे अँटवर्पचे. धार्मिक छळामुळे तिथून बाहेर पडून ते पुढे स्वित्झर्लंडमधल्या बासेलला स्थिरावले आणि मसाल्याच्या व्यापारात जम बसवला. या व्यापारी घरात दोन भावांना गणिताचे वेड लागले : थोरले याकोब आणि धाकटे योहान. न्यूटन आणि लायब्निट्झ यांच्यानंतर कलनशास्त्र पुढे नेणाऱ्यांत या दोघांची नावे पहिल्या रांगेत येतात. दोघे एकमेकांशी जाहीरपणे भांडले, तेही याच शास्त्रातल्या कोड्यांवरून. १७०५ मध्ये याकोब वारले, त्यांची बासेलची जागा योहानना मिळाली आणि पाच वर्षांचा डॅनियल बासेलला आला.

योहानच्या वडिलांना मुलाने मसाल्याच्या धंद्यात यावे असे वाटत होते. योहान गेले नाहीत. त्यांनी वैद्यकशास्त्राचा रस्ता धरला, स्नायूंच्या हालचालींवर प्रबंध लिहिला आणि आतून गणितच केले. स्वतः बाप झाल्यावर मात्र त्यांनी तेच केले. गणितात पैसा नाही म्हणून डॅनियलने व्यापारात जावे, असा त्यांचा आग्रह होता. तो प्रयत्न फसला, मग तडजोड म्हणून वैद्यकशास्त्र ठरले. आपल्याकडे गणिताची आवड असलेल्या मुलाला डॉक्टर हो म्हणणारी घरे कमी नाहीत, त्यामुळे हा प्रसंग वाचताना परका वाटत नाही.

डॅनियल तेराव्या वर्षी बासेलच्या विद्यापीठात दाखल झाला होता. गणित तो घरीच शिकत होता, वडिलांकडून आणि पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या निकोलसकडून. वडिलांकडून त्याला एक कल्पना मिळाली : वस्तू वरून खाली पडते तेव्हा तिची उंची कमी होते आणि त्या बदल्यात वेग वाढतो. हिशेब जुळतो, काही हरवत नाही. आज आपण याला ऊर्जेची अक्षय्यता म्हणतो. हाइडलबर्ग आणि स्ट्रासबर्ग इथे शिकून तो परतला आणि १७२१ मध्ये त्याने प्रबंध लिहिला तो श्वासोच्छ्वासाच्या यंत्रणेवर. प्रबंधाचा विषय शरीराचा, हाताळणी मेकॅनिक्सची.

पदवी मिळाली, पण नोकरी नाही. बासेलमध्ये त्या काळी प्राध्यापकाच्या जागेसाठी निवडक उमेदवारांतून चिठ्ठी काढली जात असे. डॅनियलने आधी शरीररचना आणि वनस्पतिशास्त्र यांच्या जागेसाठी अर्ज केला, नंतर तर्कशास्त्राच्या. दोन्ही वेळा चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची निघाली. संभाव्यतेच्या गणितात ज्याचे नाव पुढे कायमचे कोरले गेले, त्याच्या करिअरची सुरुवात अशी झाली. तो इटलीला गेला. व्हेनिसमध्ये वैद्यकीचा अनुभव घेत असतानाच १७२४ मध्ये त्याचे पहिले गणिती पुस्तक छापले गेले. त्यात एका पत्त्यांच्या खेळाचे गणित होते आणि भांड्याच्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचेही. पुढच्याच वर्षी, समुद्रावर हेलकावणाऱ्या जहाजातही वाळूचे घड्याळ नीट कसे चालेल या प्रश्नाच्या उत्तरासाठी त्याला पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. अशी दहा पारितोषिके त्याने आयुष्यात मिळवली.

वाहत्या पाण्याचा दाब त्याने कसा मोजला?

१७२५ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या नव्या अकादमीने डॅनियल आणि निकोलस या दोन्ही भावांना बोलावले. वर्षाच्या आतच, १७२६ च्या जुलैमध्ये, निकोलस तापाने गेला. डॅनियलला ते गाव आणि तिथले हवामान कधीच मानवले नाही. १७२७ मध्ये मात्र वडिलांचा एक विद्यार्थी तिथे आला, वय वर्षे वीस, नाव लिओनार्ड ऑयलर. विशेष म्हणजे त्यालाही बोलावणे आले होते ते शरीरक्रियाशास्त्राच्या जागेसाठी. पुढची सहा वर्षे दोघे शेजारी शेजारी काम करत होते. डॅनियलच्या आयुष्यातला हा सर्वांत सुपीक काळ.

प्रश्न साधा होता. साठलेल्या पाण्याचा दाब किती, हे आर्किमिडीजपासून माहीत होते : जितकी खोली, तितका दाब. पण पाणी वाहत असेल तर? नळीतून धावणारे पाणी नळीच्या भिंतीवर किती जोर लावते? डॉक्टरच्या दृष्टीने हाच प्रश्न असा होता : धमनीतून वाहणारे रक्त धमनीच्या भिंतीवर किती जोर लावते? रक्त शरीरात फिरते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्येच दाखवले होते. ते किती दाबाने फिरते, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

डॅनियलने नळीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडले आणि त्यात दोन्ही बाजूंनी उघडी असलेली एक उभी नळी बसवली. मोठ्या नळीतून पाणी वाहू लागले की उभ्या नळीत पाणी काही उंचीपर्यंत चढून थांबायचे. ती उंची हाच भिंतीवरचा दाब. पाणी जोरात वाहिले तर नळीतली उंची घसरायची, हळू वाहिले तर वाढायची. इथे वडिलांनी शिकवलेला हिशेब कामाला आला. वरून पडणारा दगड जसा उंची देऊन वेग घेतो, तसे वाहणारे पाणी दाब देऊन वेग घेते. एक वाढले की दुसरे कमी.

अशीच उघडी नळी धमनीत खुपसली तर रक्ताचा दाबही कळेल, हे उघड होते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मोपदेशक हे प्रत्यक्ष करत होते. डॅनियलशी त्यांचा काही संबंध नव्हता. हेल्स यांनी एका घोडीच्या मांडीतल्या धमनीत नळी घातली आणि उंच काचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढले. १७३३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. आजच्या एककात बसवले तर हा दाब साधारण १९५ मिलिमीटर पारा होतो. माणसाचा १२० चा दाब अशा नळीने मोजायचा तर रक्ताचा स्तंभ दीड मीटरहून उंच जाईल. पारा रक्तापेक्षा जवळजवळ तेरा पट जड असल्याने तोच दाब पाऱ्याच्या जेमतेम वीतभर नळीत मावतो. म्हणून पुढे पारा आला आणि एककही पाऱ्याचेच राहिले.

या सगळ्यात एक गोष्ट तशीच राहते : दाब कळण्यासाठी नळी आत घालावी लागते. कॅथेटरचे तत्त्व आजही हेच आहे.

बापाने मुलाचा शोध चोरला का?

१७३३ मध्ये डॅनियलला बासेलमध्ये जागा मिळाली. विषय होते शरीररचना आणि वनस्पतिशास्त्र, म्हणजे बारा वर्षांपूर्वी चिठ्ठीने हुकलेलेच विषय. ग्रंथाचे हस्तलिखित बऱ्यापैकी तयार होते. त्याची एक प्रत अकादमीकडे ठेवून तो निघाला.

परतल्यावर लगेच, १७३४ मध्ये, पॅरिसच्या अकादमीने ग्रहांच्या कक्षांवरच्या निबंधासाठीचे पारितोषिक विभागून दिले. एक भाग योहान बर्नुलींना, एक भाग डॅनियलला. दुसऱ्या घरात पेढे वाटले गेले असते. पण मुलाला आपल्या बरोबरीचे ठरवले, हे योहानना सहन झाले नाही. बाप-लेकाचे संबंध त्यानंतर कधीच पूर्ववत झाले नाहीत.

१७३८ मध्ये स्ट्रासबर्गहून ग्रंथ छापून आला : हायड्रोडायनॅमिका. द्रवांच्या गतीच्या शास्त्राला आज जे नाव आहे, ते या पुस्तकाचे. मुखपृष्ठावर डॅनियलने स्वतःची ओळख योहानचा मुलगा अशी दिली होती. तो समेटाचा प्रयत्न होता, असे बरेच चरित्रकार मानतात. तो फसला. काही वर्षांतच योहान यांचा हायड्रॉलिका हा ग्रंथ आला, विषय तोच. त्यावर १७३२ हे साल घातलेले होते, म्हणजे मुलाच्या पुस्तकाच्या सहा वर्षे आधीचे. डॅनियलने ऑयलरला लिहिलेल्या पत्रात आपला सगळा ग्रंथच लुबाडला गेला, दहा वर्षांच्या कष्टांचे फळ एका क्षणात गेले, अशा आशयाची तक्रार केली आहे.

साल मागे ढकलणे हा अप्रामाणिकपणा होता, यात वाद नाही. पण योहान यांचे पुस्तक निव्वळ नक्कल होते असे म्हणणेही बरोबर नाही. द्रवाच्या आतल्या दाबाची कल्पना त्यांनी काही बाबतींत मुलापेक्षा नेमकेपणाने मांडली होती. आणि ज्या रूपात आपण बर्नुलीचे समीकरण परीक्षेत लिहितो, त्या रूपात ते डॅनियलच्या पुस्तकात नाहीच. ते रूप दिले ऑयलरने, १७५० च्या दशकात. तरीही वाहत्या द्रवाच्या भिंतीवरचा दाब वेगाशी बांधून दाखवण्याचा पहिला मान डॅनियलचाच राहतो. योहान १७४८ मध्ये वारले.

हे सगळे घडत असतानाही डॅनियलचे लक्ष हृदयावरून हटले नव्हते. १७३७ मध्ये बासेलमधल्या एका भाषणात त्याने हृदय किती यांत्रिक काम करते, याचे गणित मांडले. किती रक्त, किती उंचीला ढकलण्याइतका जोर, दर ठोक्याला. हृदयाकडे पंप म्हणून पाहायचे तर आजही सुरुवात याच गुणाकारापासून होते.

इको मशीन त्याचे समीकरण कसे वापरते?

हृदयातली झडप नीट उघडत नसेल तर रक्ताला अरुंद फटीतून जावे लागते. फटीच्या आधी दाब जास्त, नंतर कमी. मधला फरक वेगात बदलतो. म्हणजे फटीतून निघणाऱ्या झोताचा वेग कळला, की दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक कळला. वेग कळतो डॉप्लर तंत्राने. धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदलते आणि हे तत्त्व ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले होते. ही दोन शास्त्रे हृदयाच्या झडपेवर एकत्र आणली नॉर्वेतल्या संशोधकांनी. यार्ले होलेन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये, तर लिव्ह हाटले आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये, आकसलेल्या मायट्रल झडपेतून होणारा दाबातला फरक बाहेरून काढून दाखवला. लहानपणच्या संधिवाताच्या तापानंतर ही झडप आकसण्याचा आजार भारतात पिढ्यानपिढ्या दिसत आला आहे, त्यामुळे हा शोध आपल्या रुग्णांच्या खूप जवळचा.

सूत्र इतके छोटे आहे की त्यासाठी कॅल्क्युलेटरही लागत नाही : वेगाचा वर्ग करा आणि चारने गुणा. वेग मीटर प्रतिसेकंद, उत्तर मिलिमीटर पाऱ्यात. हे चार कुठून आले, तर रक्ताच्या घनतेतून. एक घनमीटर रक्ताचे वस्तुमान साधारण १०६० किलो. समीकरणात त्याचे निम्मे येते, म्हणजे ५३०. पास्कलचे मिलिमीटर पारा करायला १३३ ने भागायचे. उत्तर ३.९८. घर्षण आणि फटीआधीचा वेग नगण्य धरायचे आणि चार म्हणायचे. इतका मोठा सिद्धांत एका अंकात मावतो, हे अजूनही थोडे अविश्वसनीय वाटते.

आता आरव्हीएसपीकडे. उजवीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप बहुतेकांमध्ये किंचित गळते. आकुंचनाच्या वेळी त्या गळतीतून मागे येणाऱ्या झोताचा वेग समजा ३ मीटर प्रतिसेकंद आला. तीनचा वर्ग नऊ, गुणिले चार, म्हणजे ३६. हा खालच्या आणि वरच्या कप्प्यांतल्या दाबांचा फरक. १९८४ मध्ये अमेरिकेत पॉल यॉक आणि रिचर्ड पॉप यांनी ही पद्धत रूढ केली. कधी कधी गळती इतकी पुसट असते की झोताचा सिग्नलच नीट मिळत नाही. तेव्हा बुडबुड्यांची पहिली मदत होते. सलाईनमध्ये थोडी हवा दोन सिरिंजमधून पुढे-मागे घुसळून ते दंडाच्या शिरेतून सोडतात. हवेचे बारीक बुडबुडे ध्वनी जोरदार परतवतात, झोत उजळतो आणि वेग वाचता येतो. हा काँट्रास्ट इकोचा सर्वांत स्वस्त प्रकार. हे बुडबुडे फुप्फुसांत अडकून विरतात, त्यामुळे कप्प्यांमधल्या पडद्याला भोक नसेल तर ते डाव्या बाजूला पोहोचत नाहीत.

मग अडचण कुठे आहे?

समीकरण फरक सांगते, दाब सांगत नाही. वरच्या उदाहरणात ३६ हा फरक आहे. प्रत्यक्ष दाबासाठी त्यात वरच्या कप्प्यातला दाब मिळवावा लागतो आणि तो डॉक्टर अंदाजाने घेतात. पोटातून हृदयाकडे येणारी मोठी शीर किती फुगली आहे आणि श्वासाबरोबर किती आकसते, हे पाहून ३, ८ किंवा १५ मिलिमीटर असा आकडा धरला जातो. म्हणजे त्याच रुग्णाचा आरव्हीएसपी ३९ येईल किंवा ५१. एक आकडा जवळपास निश्चिंत करणारा, दुसरा पुढच्या तपासण्यांच्या रांगेत उभा करणारा. झडप फारच जास्त गळत असेल तर समीकरणामागची गृहीतकेच कोलमडतात.

म्हणूनच फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढल्याचे पक्के निदान आजही इकोवर केले जात नाही. त्यासाठी मांडीतल्या किंवा मानेतल्या शिरेतून कॅथेटर हृदयापर्यंत न्यावा लागतो आणि सरासरी दाब २० मिलिमीटर पाऱ्याच्या वर आहे का, ते पाहावे लागते. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत नळी सरकवली होती. त्या वाटेवर पुढे काम करणारे कुर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासोबत त्याला १९५६ चे नोबेल मिळाले. तंत्र आता सुरक्षित झाले आहे, पण ते दर आठवड्याला करता येत नाही. हृदयाचा पंप कमजोर झालेल्या रुग्णात डाव्या बाजूचा दाब चढला की फुप्फुसात पाणी भरते आणि माणूस धापा टाकत इमर्जन्सीत येतो. दाब चढायला लागला हे आधी कळले तर औषध वेळेत वाढवता येते. तिथे कॅथेटर पुन्हा पुन्हा टाकणे शक्य नसते आणि बाहेरून लावलेला अंदाज पुरत नाही.

दाब खरा मोजायचा तर काहीतरी आत असायला हवे. संशोधकांचे म्हणणे असे, की ते काहीतरी नळीऐवजी बुडबुडा का नसावा?

बुडबुडा दाब कसा सांगणार?

इथे हायड्रोडायनॅमिकाचे दहावे प्रकरण उघडावे लागते. त्यात पाणी नाही, हवा आहे. हवा म्हणजे सतत धावणारे अगणित बारीक कण आणि ते भिंतींवर आदळतात तो दाब, असे डॅनियलने तिथे मांडले आणि त्यातून बॉइलचा नियम काढून दाखवला : दाब वाढवा, आकारमान घटते. वायूंचा हा गतिज सिद्धांत त्याच्या काळाच्या इतका पुढे होता की शंभरहून अधिक वर्षे तो कोणी फारसा मनावर घेतला नाही.

आता हा वायू एका बुडबुड्यात कल्पून पाहा. आजकालच्या काँट्रास्ट औषधांतले बुडबुडे काही मायक्रॉनचे, बहुतेक लाल रक्तपेशीपेक्षा लहान असतात. आत परफ्लुरोप्रोपेन किंवा सल्फर हेक्झाफ्लोराइड यांसारखा रक्तात सहज न विरघळणारा वायू, बाहेर मेदाचे किंवा प्रथिनाचे पातळ कवच. साध्या सलाईनच्या बुडबुड्यांसारखे ते फुप्फुसात अडकत नाहीत, पलीकडे डाव्या कप्प्यात पोहोचतात. एवढ्या आकाराचा बुडबुडा स्वाभाविकपणे काही मेगाहर्ट्झला थरथरतो आणि इको मशीनही नेमक्या त्याच पट्ट्यात काम करते. हा योगायोगच, पण फार उपयोगी. बुडबुड्याभोवती रक्ताचा दाब वाढला की आतला वायू दाबला जातो आणि थरथरण्याची पद्धत बदलते. हा बदल ऐकून हृदयाच्या कप्प्यातला दाब काढता येईल, अशी कल्पना फेअरबँक आणि स्कली यांनी १९७७ मध्येच मांडली होती. प्रत्यक्षात तो बदल फार सूक्ष्म निघाला आणि कल्पना बराच काळ कागदावर राहिली.

नवी वाट सापडली ती वेगळ्या सुरातून. समजा मशीनने ४ मेगाहर्ट्झचा ध्वनी सोडला. पुरेशा जोराने हलवलेला बुडबुडा ४ मेगाहर्ट्झला तर उत्तर देतोच, शिवाय निम्म्या वारंवारतेला, म्हणजे २ मेगाहर्ट्झलाही देतो. आजूबाजूचे स्नायू असे करत नाहीत, त्यामुळे हा निम्मा सूर जवळजवळ फक्त बुडबुड्यांचाच. १९९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या फ्लेमिंग फोर्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की बाहेरचा दाब जसजसा वाढतो तसतसा हा निम्मा सूर क्षीण होत जातो आणि हा उतार बऱ्यापैकी सरळ रेषेत असतो. सूर किती मंदावला ते मोजा, दाब कळतो. इथे मोजला जातो तो कप्प्यातला दाब, दोन कप्प्यांतला फरक नव्हे.

एका आवाजातून वेगवेगळे सूर सुटे करायचे, ही कल्पनाही डॅनियलच्या आवडीची होती. १७५३ मध्ये त्याने म्हटले होते, की थरथरणाऱ्या तारेची कोणतीही हालचाल ही तिच्या मूळ सुराच्या आणि वरच्या सुरांच्या साध्या कंपनांची बेरीज असते. ऑयलर आणि दालाँबेर या दोघांनाही ते पटले नाही. तिघांचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि पुढच्या शतकात फूरिए यांच्या गणिताने डॅनियलच्या बाजूने कौल दिला. बुडबुड्याचा निम्मा सूर मात्र त्याच्या साध्या बेरजेत बसत नाही. तो बुडबुड्याच्या वाकड्या, असमान थरथरण्यातून जन्मतो.

कॅथेटर घातलेल्या रुग्णांमध्येच बुडबुडे सोडून दोन्ही आकडे ताडून पाहण्याचे प्रयोग हृदयाच्या डाव्या आणि उजव्या कप्प्यांवर झाले आहेत. मेळ उत्साह वाटावा इतका आहे, तरीही ही रोजच्या वापरातली तपासणी झालेली नाही. ध्वनीचा जोर प्रत्येक रुग्णात वेगळा जुळवावा लागतो. जोर कमी पडला तर सूर उमटत नाही, जास्त झाला तर बुडबुडे फुटतात. औषध बदलले की दाब आणि सूर यांचे नातेही बदलते. कोणी या तपासणीची जाहिरात करत असेल, तर आधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारलेले बरे.

डॅनियलचे पुढे काय झाले?

वडिलांशी झालेल्या त्या वादानंतर द्रवांच्या गणितावरचे त्याचे मन उडाले, असे त्याच्या पत्रांवरून दिसते. १७४३ मध्ये त्याने वनस्पतिशास्त्र सोडून शरीरक्रियाशास्त्र घेतले. १७५० मध्ये त्याला अखेर भौतिकशास्त्राची जागा मिळाली आणि १७७६ पर्यंत तो बासेलमध्ये तेच शिकवत राहिला. प्रयोगांनी भरलेली त्याची व्याख्याने गावात लोकप्रिय होती. त्याने लग्न केले नाही.

डॉक्टर म्हणून त्याचे सर्वांत धाडसी काम साठीत आले. युरोपात तेव्हा देवीच्या साथी येत. रुग्णाच्या फोडातला पू निरोगी माणसाला टोचायचा की नाही, यावर वाद पेटला होता, कारण टोचण्यानेही काही जण दगावत. १७६० मध्ये डॅनियलने जन्म-मृत्यूच्या तक्त्यावरून हिशेब मांडला : देवी पूर्णपणे टळली तर नवजात मुलाचे अपेक्षित आयुष्य २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल. साथीच्या आजाराचे गणिती मॉडेल म्हणून आज हा शोधनिबंध पहिल्यांपैकी एक मानला जातो. दालाँबेरने त्यावरही टीका केली. आज टोचून घेण्याचा धोका आणि पुढच्या आयुष्याचा फायदा एकाच तराजूत कसे घालायचे, हा त्याचा आक्षेप होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

१७ मार्च १७८२ रोजी बासेलमध्ये डॅनियलचा मृत्यू झाला. तिथल्या पीटर्सकिर्शे या चर्चमध्ये त्याला पुरले. धमनी न उघडता माणसाचा रक्तदाब मोजणारे दंडावरचे पट्ट्याचे यंत्र इटलीत शिपिओने रिवा-रोच्ची यांनी बनवले, ते त्यानंतर ११४ वर्षांनी, १८९६ मध्ये.